रास तनुऱ्यातला सिलोनी पतंग

नाव

जलाल हुर्झुकला पगार मिळायचा तो मारण्याचा. झुरळं, वाळवी, मुंग्या, गोदामातल्या तांदळाचे किडे. रास तनुऱ्याच्या रिफायनरीला माणसं पुरवणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत तो अकरा वर्षं फवारणीखात्याचा फोरमन होता, आणि कामाला इतका चोख, की कंपनीच्या वसाहतीत दिव्यांभोवती काही म्हणता काही फिरकत नसे. दिवे आपले एकटेच जळत.

पण हाच जलाल प्राणिशास्त्राचा पदवीधर होता, मूळचा म्हसळ्याचा, आणि त्याचा जीव अडकला होता पतंगांत. दिव्यावर झडप घालणाऱ्या पाखरांत. खाटकाने हौसेने शेळ्या पाळाव्यात, तशातली गत. कॉलेजात असताना म्हसळ्याच्या डोंगरात त्याला एक पतंग दिसला होता, जो तिथे असायला नको होता. त्याने मुंबईच्या एका संस्थेला चार पानी पत्र लिहिलं. उत्तर पोस्टकार्डावर आलं: नमुना नाही, म्हणून नोंद नाही. कार्ड त्याने रागाने फाडलं, पण ती ओळ काही फाटली नाही.

नमुना म्हणजे मेलेला पतंग. पंख अखंड, पाठीत टाचणी, टाचणीखाली बोटभर चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव, ठिकाण, तारीख, आणि सगळ्यांत शेवटी, पण जलालच्या मते सगळ्यांत आधी वाचावं असं, जमवणाऱ्याचं नाव.

ठिकाण

ब्लॉक नंबर चार, तळमजला, जलालच्या बिऱ्हाडातली आतली खोली.

त्या खोलीची वसाहतभर ख्याती झाली होती. इराकी क्षेपणास्त्रांतून विषारी वायू येणार अशी बोलवा होती, म्हणून कंपनीने हुकूम काढला, की प्रत्येक बिऱ्हाडाने एक खोली प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावून बंद करावी. आणि हे शिकवणार कोण, तर जलाल. कारण वायू कोंडून ठेवायचं काम साऱ्या कंपनीत त्याला एकट्यालाच येत होतं. अकरा वर्षं तो खोल्या बंद करायचा त्या वायू आत राहावा आणि आतलं सगळं मरावं म्हणून. आता वायू बाहेर आणि माणसं आत. पट्टी तीच, प्लास्टिक तेच, फक्त बाजू बदलली. त्याने घरोघर जाऊन शिकवलं: कोपरा आधी, मग कड, शेवटचा माणूस आत आला की चाळीस सेकंदांत दार बंद.

शेजारच्या रणजितने लावलेली पट्टी दुसऱ्याच दिवशी सुटून लोंबायला लागली. रणजित रिफायनरीत मोजमापाची यंत्रं दुरुस्त करायचा, त्यामुळे त्याला हे लागलं फार. पण त्याची बायको क्षमा, वसाहतीच्या दवाखान्यात नर्स, तिने मान-अपमान पाहिला नाही. भोंगा वाजला की दोघं जलालकडे यायची. वरच्या मजल्यावर एकटे राहणारे भाऊसाहेबही यायचे. भाऊसाहेब स्टोअरकीपर, सांगलीकडचे, हृदयाच्या गोळ्या चालू, आणि कुठल्याही वस्तूवर ती कुणाच्या सहीने आली हे कळल्याखेरीज विश्वास न ठेवणारे. घरातली माणसं तीन: जलाल, त्याची बायको शरीफा आणि दहा वर्षांची अफशाँ. एकूण सहा. मास्क चार.

दाराला आतून कंपनीचं परिपत्रक चिकटवलेलं होतं. त्यात धोक्याच्या खुणा दिल्या होत्या. लसणासारखा वास आला तर काय, फळासारखा गोड वास आला तर काय. दुसऱ्या ओळीखाली लाल रेघ होती.

तारीख

२० जानेवारी १९९१. लढाईचा चौथा दिवस, सूर्यास्ताची, मगरिबची नमाज नुकती झालेली.

कसा सापडला

भोंगा वाजला, सहा जण आत आले, रणजितने दार बंद केलं. तेवढं काम त्याला जमे. मग सगळे एकमेकांकडे न बघता बसून राहिले. लांब काहीतरी धडधडलं. खिडकीचं प्लास्टिक पोट भरल्यासारखं फुगलं आणि बसलं. त्याच क्षणी जलालला प्लास्टिकवर, वरच्या कोपऱ्यात, तो दिसला.

पुढचे पंख फणसाच्या सुक्या पानासारखे. मागचे नारिंगी, त्यांवर काळी पट्टी, आणि पट्टी मधोमध तुटलेली. भारतात या जातीचा जो चुलतभाऊ आहे त्याची पट्टी अखंड असते. तुटक्या पट्टीचा फक्त सिलोनात. जलालजवळ कॉलेजातल्या जुन्या ग्रंथाची छायाप्रत होती, तिच्यात या पतंगापुढे वस्तीच्या रकान्यात दोनच शब्द होते: फक्त सिलोन. त्या बेटाबाहेर तो कुणी पाहिलेला नव्हता. आणि इथे तो ब्लॉक नंबर चारच्या प्लास्टिकवर बसून मिशा साफ करत होता.

आला कसा? जलालने विचार केला आणि सोडून दिला. त्या पाच महिन्यांत सौदीत काय आलं नव्हतं. अर्धा लाख रणगाडे आले असतील असं रणजित म्हणायचा, माणसं तर मोजायचीच नाहीत. जहाजं भरभरून पेट्या, दोर, ताडपत्र्या, लाकडं. कुणी कुणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, विचारत नव्हतं. तिथे एका पतंगाने मागे का राहावं?

एवढ्यात भाऊसाहेबांनी सगळ्यांच्या मनातलं विचारलं. मास्क चार, माणसं सहा, तर वायू आत आलाय की नाही हे कळणार कसं?

जलालची नजर अजून वरच होती. आनंदात माणूस जरुरीपेक्षा जास्त बोलतो. त्याने सांगितलं, की गोदामात वायू सोडताना आम्ही जाळीच्या डबीत एक जिवंत किडा आत ठेवून देतो. वायू पोचला की पहिल्यांदा तो जातो. माणसाला डोळे चुरचुरायच्या आधी. ही कामाची पद्धतच आहे.

"म्हणजे ते पाखरू जिवंत आहे तोवर आपण जिवंत," भाऊसाहेब म्हणाले.

"तसंच म्हणा," जलाल म्हणाला.

पाच माथी वर झाली. लढाई सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्या खोलीत कुणीतरी मोकळा श्वास घेतला. ज्या माणसाने हे केलं, त्याला त्या क्षणी कळलंसुद्धा नाही की आपण काय करून बसलो.

राहणी

दुसऱ्या दिवशी कळलं. जलाल कामावरून आला तर पतंग शरीफाच्या दुधावरच्या जाळीखाली, स्टुलावर. शेजारी कापलेलं केळं. भाऊसाहेबांनी स्वतः, हातरुमालात धरून, त्याला उतरवलं होतं, आणि दवाखान्यात, कँटीनमध्ये, गेटवर जो भेटेल त्याला सांगितलं होतं. ब्लॉक दोनमधले लोक पाखरू बघून गेले. अफशाँने शाळेची वही घेऊन तक्ता आखला. शाळा बंद होती, तिला काम हवं होतं. सकाळ: मूव्हिंग. दुपार: स्लीपिंग. संध्याकाळ: मूव्हिंग.

इकडे जलालचा हिशेब वेगळा. असा पतंग जगतो आठ-दहा दिवस. त्यात जाळीला धडका देऊन पंखांच्या कडा झिजतात, रंगाची पूड गळते, आणि मग जे उरतं त्याला नमुना म्हणत नाहीत, केर म्हणतात. मारायचं तर लवकर मारायला हवं होतं. सिलोनबाहेरची पहिली नोंद, सौदी अरेबिया, रास तनुरा, जमवणारा जे. हुर्झुक. ती चिठ्ठी त्याने मनात इतक्यांदा लिहिली की अक्षरसुद्धा सुधारलं.

पण तो मेला, किंवा दिसेनासा झाला, की खोलीतली पाच माणसं समजणार की वायू आला.

मग त्याने बदली ठेवायचं ठरवलं. एखादा साधा, करडा पतंग जाळीखाली ठेवला तर कोण ओळखणार होतं? तो दोन संध्याकाळी बॅटरी आणि जाळं घेऊन सगळ्या दिव्यांखालून फिरला. एक पतंग सापडेल तर शपथ. अकरा वर्षांच्या चोख कामाची पावती त्याला मिळाली ती अशी.

फ्रीजरमध्ये ठेवून मारणं सगळ्यांत सभ्य. पण फ्रीजरात लढाईसाठी साठवलेलं मटण आणि सुरमई होती, आणि शरीफाने साफ सांगितलं, की अन्नाशेजारी किडा यायचा नाही. ती त्याच्या वेडाच्या विरुद्ध नव्हती. लग्नाच्या पहिल्या महिन्यात तिनेच त्याला टाचण्यांची डबी आणून दिली होती. फक्त तिला गंमत वाटत होती.

"अकरा वर्षांत तुम्ही लाखांनी मारलीत," ती म्हणाली. "आणि एक मारायचं तर घरात सभा भरवताय."

दवाखान्यात झाडलोट करणारी दमयंती सिलोनची, म्हणजे आताच्या श्रीलंकेची. क्षमाने तिला मुद्दाम आणलं, तुमच्याकडचं पाखरू आलंय म्हणून. जलालला उत्सुकता होती. दमयंतीने वाकून बघितलं आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, की पावसाळ्यात हे स्वैपाकघरात शिरतं, आई झाडूने हाकलते. बेटाबाहेर कुणी न पाहिलेला, जलालची झोप उडवणारा पतंग तिथे केरसुणीचं गिऱ्हाईक होता. मग ती तशीच वाकून उभी राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. क्षमाने ड्यूटीची आठवण केल्यावर गेली. जाताना तिने केळं बदललं.

मारण्याचे साधन

एक काचेची बरणी, रुंद तोंडाची. तळाला कापूस. कापसावर एक द्रव, रिफायनरीच्या प्रयोगशाळेतल्या ओळखीच्या माणसाकडून मिळवलेला. किडे जमवणारे सगळे हेच वापरतात. माणसाला त्याचा एवढासा त्रास नसतो. पतंग मिनिटभरात निपचित पडतो, पण वीस मिनिटं आत ठेवावा लागतो. आधी काढला तर कच्चा मेलेला असतो आणि उठून बसतो.

वास असतो पिकलेल्या अननसासारखा.

२९ जानेवारी, दुपार

अफशाँच्या वहीत नववा दिवस. जलालने निर्णय घेतला होता. आज नमुना करायचा, आणि संध्याकाळी सगळ्यांना बसवून खरं सांगायचं, की म्हातारपणाने गेला, पतंगाचं आयुष्यच तेवढं. खऱ्यात एवढी भेसळ चालते असं त्याने स्वतःला समजावलं. शरीफा स्वैपाकघरात होती. पोरगी क्षमाकडे पत्ते खेळत होती. जलाल आत गेला, बरणीत बाटलीतला द्रव ओतला, जाळी उचलली, बरणी पालथी घातली. पतंगाने दोनदा फडफड केली आणि कापसावर कलंडला. जलालने झाकण फिरवलं आणि घड्याळ बघितलं.

सहाव्या मिनिटाला भोंगा वाजला.

दुपारी कधी वाजत नसे. म्हणून लोक धावले ते दुप्पट. जलालने बरणी स्वेटरखाली कोंबली. बाटलीचं बूच लावायला हात नेला तेवढ्यात अफशाँ येऊन त्याला चिकटली, बाटली आडवी झाली आणि घरंगळत कॉटखाली गेली. क्षमा आली, शरीफा आली, भाऊसाहेब जिना उतरून धापा टाकत आले. रणजितने दार ओढलं आणि पट्टी मारली. चाळीस सेकंदांच्या आत. जलालने शिकवल्याप्रमाणे, कोपरा आधी, मग कड. त्या खोलीतून आता वाफेचा कणही बाहेर जाणार नव्हता.

"अब्बा, कुछ मीठा स्मेल आ रहा है," अफशाँ म्हणाली.

रणजितने नाक वर केलं. मग त्याने दारावरच्या परिपत्रकाकडे बघितलं, लाल रेघेकडे. भाऊसाहेबांनी परिपत्रकाकडे बघितलंच नाही. त्यांनी स्टुलाकडे बघितलं. जाळी बाजूला पडली होती. खाली नुसतं केळं.

इथे जलालने बोलायला हवं होतं. तोंड उघडून एक वाक्य. पण त्या वाक्यात बरीच वाक्यं होती: बंद खोलीत, पोरीच्या झोपायच्या कॉटखाली, विषाची बाटली मी ठेवली, तुमचा पहारेकरी मी मारला, माझ्या नावासाठी. तो तीन श्वास गप्प राहिला. तेवढ्यात रणजितने हिशेब केला, की वायू आत आहे म्हणजे बाहेर बरं, आणि सगळी पट्टी एका हिसक्यात ओढून काढली.

नमुन्याची स्थिती

अंगणात लख्ख ऊन होतं, समुद्राकडून गार वारा. सहा जण भिंतीपाशी. चार मास्क हातात, एकही तोंडावर नाही. भाऊसाहेब खाली बसले, मग आडवे झाले. घामाने शर्ट भिजला, हात लटलट कापायला लागले. क्षमाने कमरेच्या पिशवीतून सुई काढली. दवाखान्याने तिला अशा पाच दिल्या होत्या, वायूवरचा उतारा भरलेल्या, कपड्यावरूनच मांडीत टोचायच्या. वायू लागला असेल तर माणूस वाचतो. लागला नसेल तर तोच उतारा हृदय उधळून लावतो, हे तिने स्वतःच सगळ्यांना समजावलं होतं. भाऊसाहेबांचं हृदय कसं आहे हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तिने टोपण काढलं.

"थांब, क्षमा," जलाल म्हणाला. "वायू नाही. माझी बाटली सांडलीय आत."

"जलालभाई, आत्ता नको." तिने मान वर केली नाही. "घाम आहे, थरथर आहे, वास आला. पाखरू कुठे गेलं?"

अकरा वर्षांचा फोरमन, कीटकांच्या बाबतीत ज्याचा शब्द कंपनीत शेवटचा, त्याचा शब्द तिथे कुणी धरला नाही. नऊ दिवस त्यानेच त्यांना शिकवलं होतं कुणावर विश्वास ठेवायचा ते. त्याने स्वेटरखालून बरणी काढली. कापसावर पतंग पाय दुमडून पडला होता. भाऊसाहेबांनी तो बघितला आणि डोळे मिटले.

"टोच बाई," ते म्हणाले. "ते गेलं, आता माझी पाळी."

जलालने झाकण उघडलं, पतंग तळहातावर घेतला आणि बरणी लांब फेकली. सहा आणि दोन, आठ मिनिटं. कच्चा होता. अजून कच्चा असला पाहिजे. पण उठवायचं कसं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्या दिशेने त्याचं शिक्षणच झालं नव्हतं. तो हात वाऱ्याकडे धरून नुसता उभा राहिला.

शरीफा त्याच्याजवळ आली. तिने बरणीकडे बघितलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं. सगळं तिला समजलं हे त्यालाही समजलं.

"फुंका," ती म्हणाली.

त्याने फुंकर घातली. हळू, बाजूने, पंखांवर ताण पडू नये अशी. पुन्हा. पुन्हा. क्षमाची सुई भाऊसाहेबांच्या मांडीवर टेकलेली, तिचे डोळे मात्र जलालच्या हातावर. एक पाय हलला. मग मिशी. मग सगळं अंग थरथरायला लागलं, थंडीत इंजिन गरम व्हावं तसं. पंख उघडले.

नऊ दिवसांत जलालने त्याला ट्यूबलाइटखेरीज पाहिलंच नव्हतं. उन्हात तो पहिल्यांदा दिसला. नारिंगीवर काळी पट्टी, मधोमध स्वच्छ तुटलेली. आणि कडा अखंड. चारी पंखांना साधा चरासुद्धा नव्हता. दुधाच्या जाळीने त्याला एवढंसं खरचटलं नव्हतं. छायाप्रतीतलं चित्र ज्याला पाहून काढलं असेल त्याच्याहून हा सरस होता. जिवंत असल्याचं भाऊसाहेबांखेरीज सगळ्यांनी पाहिलं होतं. आता दुसरा हात वरून झाकला आणि घरात नेला, तर कुणी विचारणार नव्हतं.

"जिवंत आहे," त्याने भाऊसाहेबांना दाखवलं. "बघा."

भाऊसाहेबांनी एक डोळा उघडला. माल तपासताना उघडत तसा.

"थरथरतंय ते," ते म्हणाले. "मी पण थरथरतोय. उडालं तर मानतो."

क्षमाने सुई उचलली नाही. जलालने हात उंच केला.

पतंगाला थोडा वेळ लागला. मग तो उठला, पाण्याच्या टाकीवरून गेला, कुंपणाच्या तारेवरून गेला, आणि रिफायनरीच्या ज्वाळेच्या डाव्या अंगाला, समुद्राच्या बाजूला, इतका बारीक झाला की तोच दिसतोय की डोळ्यांत पाणी आलंय हे जलालला सांगता आलं नसतं.

क्षमाने टोपण लावलं. थोड्या वेळाने धोका टळल्याचा भोंगा वाजला. नंतर कळलं की मुळात धोका नव्हताच, कुणीतरी भोंग्याची तपासणी करत होतं.

जमवणाऱ्याचे नाव

चहा शरीफाने केला. खोली उघडी टाकली होती, पंखा लावला होता, तरी अननसाचा वास चहालाही येत होता. जलालने सगळं सांगितलं. चिठ्ठी, सिलोन, बरणी, तीन श्वास. काही वगळलं नाही. रणजित म्हणाला, आम्हाला आधी सांगितलं असतंत तर.  क्षमा तासाभराने उठून गेली, आणि पुढचे तीन दिवस तिने अफशाँला आपल्याकडे झोपायला नेलं. जलालने त्याला नाही म्हटलं नाही.

भाऊसाहेबांना मात्र पतंग बेटावरचा होता की सांगलीचा, याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांची थरथर थांबली होती, रंग परतला होता, दुसरा कप चालू होता, आणि ते मनापासून चिडले होते.

"उडवून दाखवा म्हणालो, सोडून द्या म्हणालो नव्हतो," ते म्हणाले. "आता पुढच्या भोंग्याला बघायचं कुणाकडे?"

दुसऱ्या दिवसापासून ब्लॉक चारच्या बाहेरच्या दिव्याखाली फवारणी बंद झाली. जलालने वर कळवलं, की पंप बिघडलाय आणि सुटा भाग लढाईमुळे येत नाही. भाऊसाहेबांनी स्टोअरकीपर म्हणून त्यावर सही केली.